अ‍ॅमहर्स्टच्या खोऱ्यांतील एक द्रुतगति बँड

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या पश्चिम भागांत कनेक्टिकट नदीचें खोरें आहे. अ‍ॅमहर्स्ट, नॉर्दम्प्टन व साउथ हॅडली हीं तेथील लहान गांवें. १९८० च्या सुमारास या तीन गांवांत मिळून एक विद्यापीठ व चार कॉलेजें होतीं. गांव लहान व विद्यार्थी पुष्कळ, अशी स्थिति असल्यामुळें ग्रामोफोनच्या तबकड्यांचीं दुकानें, विद्यार्थ्यांनीं चालविलेलीं नभोवाणी केंद्रें आणि नवें कांहीं ऐकावयास उत्सुक असलेले श्रोते यांची तेथें उणीव नव्हती. अशा भूमींत एक विलक्षण संगीत रुजलें.

त्यास ‘हार्डकोअर पंक’ म्हणतात. न्यूयॉर्क व लंडन येथें पंक नांवाचें संगीत आधींच पुढें आलें होतें. त्याचा वेग दुप्पट करावा, गाणें एक-दोन मिनिटांत संपवावें, आणि गाण्यापेक्षां ओरडावेंच अधिक, म्हणजे हार्डकोअर झालें. साधनें थोडकींच: गळा, विजेवर वाजणारीं दोन गिटारें व ढोल-झांजांचा एक संच. कॅलिफोर्नियांतील ‘ब्लॅक फ्लॅग’ व वॉशिंग्टनचा ‘मायनर थ्रेट’ हे या पंथाचे नामांकित बँड होत. मायनर थ्रेटच्या १९८१ सालच्या एका गाण्यावरून दारू, तंबाखू व अमली पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या तरुणांचा एक पंथच निघाला, हें वाचून पुष्कळ आईबापांस नवल वाटेल. खरें सांगावयाचें तर प्रथम ऐकतांना आम्हांस तो निव्वळ गोंगाट वाटला. परंतु कान सरावल्यावर एक गोष्ट ध्यानांत येते: इतक्या वेगांत ताल चुकूं न देणें हें पोरखेळाचें काम नव्हे. वर्गांत पांच मिनिटें स्वस्थ न बसणारीं मुलें अशा कामासाठीं तासन् तास घाम गाळतात, हें आम्ही शिक्षक जाणतोंच!

१९८२ सालीं वेस्टफील्ड येथील लू बार्लो व स्कॉट हेलंड या शाळकरी मुलांनीं नॉर्दम्प्टनच्या ‘मेन स्ट्रीट रेकॉर्ड्स’ या दुकानांत चिठ्ठी लाविली. अतिशय जलद ढोल वाजविणारा पाहिजे, असा तिचा आशय होता. ती अ‍ॅमहर्स्टच्या जे. मॅसिसनें वाचली. तो सोळा वर्षांचा. म्हणून त्याच्या वडिलांनींच त्याला ढोलांसह मोटारींतून वेस्टफील्डला पोंचविलें. वडील व्यवसायानें दंतवैद्य होते. मुलाचें संगीत त्यांना कितपत रुचलें असेल कोण जाणे. परंतु त्यांनीं गाडी बाहेर काढली खरी. चार्ली नाकाजिमा हा गायक मिळाला, आणि ‘डीप वूंड’, म्हणजे खोल जखम, हा बँड उभा राहिला. १९८३ सालीं त्यांची सात इंची तबकडी निघाली. तिच्यावर गाणीं किती? नऊ!

या मुलांना व्यवस्थापक नव्हता, कीं जाहिरातीस पैसा नव्हता. असल्या बँडांचा लौकिक हस्तपत्रकांनीं, टपालानें व हौशी मंडळींच्या छोट्या पत्रिकांनीं पसरे. अशीच ‘कॉन्फ्लिक्ट’ नांवाची पत्रिका काढणारा जेरार्ड कॉस्लॉय हा अ‍ॅमहर्स्टच्या विद्यापीठांत शिकावयास आला होता. त्यानें १९८४ सालीं निरनिराळ्या बँडांच्या गाण्यांचा जो संग्रह काढला, त्यांत डीप वूंडलाही स्थान दिलें.

त्याच सालीं हा बँड मोडला. वेगाला अखेर मर्यादा असते. त्याहून जलद वाजविण्यास जागाच उरली नव्हती, आणि मॅसिसला या प्रकाराचा कंटाळा आला होता. त्यानें ढोल सोडून गिटार हातीं घेतलें, बार्लोस बेस गिटार दिलें, मर्फ या ढोलवाल्यास बोलाविलें व ‘डायनोसॉर’ हा नवा बँड काढला. आतां चाल संथ व सुरेल झाली. आवाज मात्र पूर्वीसारखाच प्रचंड. १९८५ सालीं त्यांचा पहिला गीतसंग्रह न्यूयॉर्कच्या ‘होमस्टेड’ कंपनीनें काढला, तोही कॉस्लॉयच्याच खटपटीनें. पुढें कायद्याच्या अडचणीमुळें नांवास ‘ज्युनियर’ हें शेपूट जोडावें लागलें. १९८९ सालीं मॅसिस व बार्लो यांचें बिनसलें आणि बार्लोस बँडमधून काढण्यांत आलें. एका चिठ्ठीनें जुळलेले हे दोघे २००५ सालीं पुन्हा एकत्र वाजवूं लागले, तेव्हां चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.