जान्हवी की जाह्नवी? एक नाव, अनेक उच्चार

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातली दोन गावं. २६ मे १९८९ रोजी इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि ‘न्हावा शेवा’ हे जोडनाव मालवाहतुकीच्या कागदांवरून जगभर गेलं. परमुलखातल्या माणसाच्या तोंडी त्यातला ह गळतो आणि ‘नावा शेवा’ उरतं, किंवा ह सुटा पडून ‘नाहवा’ होतं. गावातलं पोर मात्र बोलायला लागल्यापासून न्हावा बिनचूक म्हणतं.

बंदरामुळे पनवेल-उरणच्या या पट्ट्यात आगरी-कोळी घरांच्या शेजारी देशभरातली कुटुंबं येऊन राहिली. त्यांची मुलं एका वर्गात बसतात. गावाच्या नावाचं जे होतं, तेच मग बाळाच्या नावाचंही होतं: बारशाला आत्याने कानात सांगितलेलं नाव शाळेच्या हजेरीत वेगळंच ऐकू येतं. बहुतेक वेळा त्यात कुणाचा निष्काळजीपणा नसतो. प्रत्येक भाषेची उच्चाराची रीत ठरलेली असते, आणि ती कळली की नाव निवडणं आणि लिहिणं दोन्ही सोपं होतं.

न्ह, म्ह, ल्ह, व्ह

न्हावा, शेजारचं गव्हाण, कान्होजी, म्हाळसा. या नावांत न, म किंवा व म्हणतानाच श्वास सोडला जातो. मराठीला हे ध्वनी इतके सवयीचे आहेत की संस्कृतातून आलेली नावंही आपण त्यांच्याच वळणावर नेली. जह्नू ऋषीवरून गंगेला मिळालेलं नाव संस्कृतात ‘जाह्नवी’, म्हणजे आधी ह, मग न. मराठीत ती ‘जान्हवी’ झाली. प्रह्लादाचा ‘प्रल्हाद’ झाला. आचार्य अत्र्यांचं नाव प्रल्हाद केशव असंच लिहिलं जातं. हिंदी बोलणारे शिक्षक ‘प्रहलाद’ म्हणतात तेव्हा ते त्यांच्या भाषेच्या रीतीने बरोबर असतात. पण मराठी घराने ‘जान्हवी’ लिहावं आणि तसंच म्हणावं, त्यात अशुद्ध काही नाही असं माझं मत आहे. शतकानुशतकं रुळलेल्या उच्चाराला मूळ रूपाचा धाक दाखवण्याची गरज नसते.

ज्ञ आणि ऋ

सर्वाधिक घोळ या दोन अक्षरांचा. मूळ ज्ञ हा ज् आणि ञ् यांचा जोड. मराठीत त्याचा ‘द्न्य’ झाला, हिंदीत ‘ग्य’, गुजरातीत ‘ग्न’. म्हणून आपली प्रज्ञा हिंदी भाषकांच्या तोंडी ‘प्रग्या’ होते. रोमन लिपीत तर एकाच ज्ञानेश्वराची सुरुवात कुणी ‘डीएनवाय’ने, कुणी ‘जीवाय’ने, तर कुणी ‘जेएन’ने करतं. ज्ञानदा, सर्वज्ञ, यज्ञेश यांतलं नाव ठेवणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून धरून चालावं.

ऋचंही तसंच. मराठी आणि गुजराती कानाला तो ‘रु’कडे झुकलेला, हिंदी कानाला ‘रि’कडे. ऋतुजा, ऋग्वेद, अमृता, वृषाली, स्पृहा, हृषीकेश ही सगळी नावं दोन स्पेलिंगांनी आणि दोन उच्चारांनी वावरतात. मूळ ऋ हा स्वर होता आणि आजच्या बोलण्यात तो कुठेच निखळ उरलेला नाही, तेव्हा ‘रि’ शुद्ध आणि ‘रु’ गावठी हा समज सोडून द्यावा. अमृताचं स्पेलिंग ‘यू’ने केलं तर मराठी उच्चार टिकण्याची शक्यता वाढते. ‘आय’ने केलं तर राज्याबाहेर ते नाव अनेकांना ओळखीचं वाटतं. निवड आईबापांची, पण ती जाणूनबुजून व्हावी.

ज एक, उच्चार दोन

परभाषकांना बाजूला ठेवलं तरी मराठीतल्या मराठीतही एक पेच आहे. ‘जाड’मधला ज आणि ‘जीवन’मधला ज वेगळे आहेत, पण लिपीत अक्षर एकच. इ किंवा ए पुढे असली की ज तालव्य होतो: अजित, राजेश. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही बहुधा तालव्यच राहतात: जय, विजया. मात्र ज शब्दाच्या शेवटी आला की मराठी जीभ त्याला दातांकडे ओढते. पंकज, मनोज, सरोज, नीरज ही नावं एकाच इमारतीत दोन्ही तऱ्हांनी ऐकू येतात. ‘राज’चंही तसंच: ‘राजा’च्या अंगाने म्हटलं तर एक, हिंदीच्या अंगाने म्हटलं तर दुसरा. हा फरक लिहून दाखवता येत नाही, तोंडानेच सांगावा लागतो.

रोमन अक्षरांत काय हरवतं

सई आणि साई, आर्य आणि आर्या, कृष्ण आणि कृष्णा. रोमन लिपीत या जोड्या सहसा एकसारख्याच लिहिल्या जातात. पहिल्या दोन जोड्यांत तर मुलगा की मुलगी हेही कळत नाही. वीणा आणि किरण यांचा ण ‘एन’मध्ये विरतो. तन्वीचा त ‘टी’मुळे ट होऊ शकतो. टिळकांचं आडनाव राज्याबाहेर ‘तिलक’ होतं ते ट आणि ळ दोन्ही हरवल्यामुळे. दक्षिणेत त साठी ‘टीएच’ लिहितात, म्हणून तिकडची लता आपल्याकडे ‘लथा’ वाचली जाते.

घरातला उच्चार

उरणच्या आगरी-कोळी बोलीत ण चा न आणि ळ चा ल होतो. किरण ‘किरन’, बाळू ‘बालू’. उत्तर कोकणात शब्दारंभीचा व अनेकदा इ-एच्या आधी गळतो, त्यामुळे आजीच्या तोंडी विठ्ठल ‘इठ्ठल’ होतो. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याचे नेते, जासईचे दिनकर बाळू पाटील सगळ्या पट्ट्याला ‘दिबा’ म्हणून माहीत आहेत. वडिलांच्या नावातला ळ त्यात बोलावाच लागत नाही. नातवंडाला हाक मारणाऱ्या आजीचा उच्चार सुधारायला जाऊ नये. शाळेत प्रणाली आणि घरात प्रनाली असं दोन्ही मूल सहज सांभाळतं, आणि घरच्या हाकेत त्याची बोली जिवंत राहते.

दाखला काढण्याआधी

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव दिलंच पाहिजे असं नाही. नोंद नावाशिवाय होते, बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे घाईने स्पेलिंग ठरवण्याचं कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायदादुरुस्तीनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थानाचा पुरावा आहे, त्यामुळे त्यावरचं अक्षर पुढे सगळीकडे जातं.

महाराष्ट्रात दाखला मराठी आणि इंग्रजीत मिळतो. आधी देवनागरी नाव कागदावर स्वच्छ लिहून द्यावं, मग रोमन. रोमन स्पेलिंग नाव न ऐकलेल्या परभाषक माणसाकडून आधी मोठ्याने वाचून घ्यावं. आधार नोंदणीत सॉफ्टवेअर एका लिपीतून दुसरीत नाव आपोआप उतरवतं आणि तिथेच काना-वेलांटी बिघडते, म्हणून पडद्यावरची दोन्ही रूपं तपासूनच होकार द्यावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम राज्यात आहे. तेव्हा बाळाबरोबर आईच्या नावाचं स्पेलिंगही तिच्या स्वतःच्या कागदांशी जुळवून घ्यावं.