जुनी कमारो विकताना लोखंड काय सांगतं?

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींना एक वेड हमखास लागतं: साठच्या दशकातली मसल कार गॅरेजमध्ये आणायची आणि दर शनिवार-रविवार तिच्याखाली आडवं व्हायचं. गाडी दुरुस्त कशी करायची हे शिकवणारे ढिगाने सापडतात. ती विकायला काढल्यावर जाणकार गिऱ्हाईक नेमकं काय आणि का तपासतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

समजा तुमच्याकडे १९६९ची शेव्हरले कमारो आहे, आणि ती 'झी २८' म्हणून विकायची आहे. त्या वर्षीचा व्हिन १३ अंकी असे (आजचा १७ अंकी व्हिन १९८१पासूनचा). '१२४३७९एन' अशी सुरुवात असेल, तर गाडी व्ही-८ इंजिनाची, कूपे, १९६९ची, ओहायोतल्या नॉरवूड कारखान्याची, एवढंच कळतं. झी २८ आहे की साधी, हे व्हिन सांगतच नाही! म्हणून साध्या कमारोला पट्टे मारून आणि बिल्ले लावून 'झी २८' करणं सोपं, आणि म्हणूनच गिऱ्हाईक बॉनेट उघडून थेट इंजिनावरचे आकडे बघतं.

उजवीकडच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिनाचा कोड (या झी २८साठी 'डीझेड') आणि गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. दोन्ही व्हिन जुळले, तर ती 'मॅचिंग नंबर्स' गाडी, आणि किमतीत मोठा फरक पडतो. साहजिकच काही महाभाग दुसरा ब्लॉक आणून पट्टी घासतात आणि हवा तो आकडा ठोकतात.

धातूंची सूक्ष्मरचना हा माझ्या कामाचा विषय असल्याने इथे थोडं रेंगाळतो. ठसा ठोकला की फक्त खाचच पडत नाही. खाचेखालचे स्फटिकही दबून विस्कटतात, आणि हा थर खाचेपेक्षा खोल जातो. आकडा दिसेनासा होईपर्यंत घासला, तरी तो थर काही अंशी उरतो. त्यावर योग्य आम्ल लावलं की विस्कटलेला भाग शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा अंधुक उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा बंदुकीचे खोडलेले नंबर असेच वाचतात. मात्र इंजिनाचा ब्लॉक आपल्या तव्यासारखा बिडाचा. बीड ठिसूळ, पोलादाइतकं दबत नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती बऱ्याचदा फसते. म्हणून पारखी माणूस भिंग घेऊन कारखान्यातल्या यंत्राने पट्टीवर सोडलेल्या बारीक समांतर रेघा शोधतो. शिवाय ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख असते: 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च १९६९. गाडी फेब्रुवारीत तयार झाली असेल, तर हा ब्लॉक तिचा नाही. चर्चा संपली.

गंमत अशी, की प्रामाणिक माणूसही यात अडकतो. इंजिन उघडल्यावर मशीन शॉपवाले ब्लॉकचा माथा सपाट करतात, आणि ती पट्टी त्याच पातळीत असते. तुम्ही बजावलं नाहीत, तर खरा आकडाही उडतो. उडाला असेल, तर नव्याने ठोकू नका. झालं ते जाहिरातीत लिहा. किंमत उतरेल, पण 'मॅचिंग' म्हणून बनावट ठसा विकणं ही सरळ फसवणूक आहे.

मग पत्रा. कारखान्यातला रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन जाडीचा. गिऱ्हाइकाच्या हातातला मीटर चुंबकीय क्षेत्र सोडतो. पोलाद जितकं दूर, तितका प्रतिसाद क्षीण. पुन्हा रंगवलेल्या गाडीत दोन-तीनशे मायक्रॉन चालून जातात. हजाराच्या वर गेलं, की खाली लांबी भरलेली आहे समजा. मागच्या चाकावरची कमान आणि डिकीचा तळ इथे ती बहुधा सापडते, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथेच साचतं, ओल धरतं आणि गंजाला लागणारा विजेचा प्रवाह सुकर करतं. (कॉर्वेट असेल तर हा मीटर खिशातच ठेवा, तिचं अंग फायबरग्लासचं.)

तेव्हा रंग देण्याआधीच्या उघड्या पत्र्याचे, पट्टीचे आणि ओतकामाच्या तारखेचे फोटो जपून ठेवा. कापून टाकलेला गंजका तुकडा असेल, तर तोही दाखवायला ठेवा.