पेशीला मिळणारा निरोप आणि कॅन्सर

आज त्वरितादेवीच्या तलवाड्यात आपण ज्या विषयावर बोलणार आहोत तो आमचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पदवीमुळे. त्याने कुणाचा ताप उतरत नाही. पण मागच्या व्याख्यानानंतर एका मावशींनी एक प्रश्न विचारला आणि तो आमचा पिच्छा सोडेना. त्यांच्या भावकीतल्या दोघींना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन दोघींचंही झालं. पुढे एकीला रोजची साधी गोळी दिली, दुसरीला महागडी इंजेक्शनं. मावशी म्हणाल्या, "सर, आजार एकच, मग औषध येगळं का? पैसा बघून देतेत का?"

प्रश्न साधा नाही. याचं उत्तर मिळालं नाही की दवाखान्यावरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला की माणूस उपचार अर्ध्यावर सोडतो. म्हणून आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि जे समजलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या गेवराई तालुक्यातून जायकवाडीचा उजवा कालवा जातो, त्याचंच उदाहरण घेऊ. आवर्तन सुटलं की वरून निरोप येतो, पाटकरी गेट उघडतो, पाणी चारीत उतरतं, चारीतून रानात जातं. भिजवण झालं की गेट बंद. शरीरातली पेशी अशीच निरोपावर चालते. वाढायचं कधी, थांबायचं कधी, मरायचं कधी, हे एकटी पेशी ठरवत नाही. तिच्या बाहेरच्या कडेला काही प्रथिनं असतात, त्यांना ग्राही प्रथिनं म्हणतात. बाहेरून वाढीचा निरोप आला की तो या ग्राहीला चिकटतो. मग आतली प्रथिनं तो निरोप हातोहात पुढे देतात. हे देणं-घेणं बहुतेक वेळा फॉस्फेटचा एक छोटा कण चिकटवून होतं. हे काम करणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. निरोप शेवटी पेशीच्या केंद्रकात पोचतो आणि पेशीची एकीच्या दोन होण्याची तयारी सुरू होते. काम झालं की फॉस्फेट काढून घेतला जातो. म्हणजे गेट बंद.

आता समजा, गेट गंजून उघडंच अडकलं. वरून निरोप नाही, तरी पाणी चालूच. रान उपळून जाईल, नाही का? कॅन्सरमध्ये बऱ्याचदा हेच होतं. कॅन्सर बाहेरून आलेला जंतू नाही. आपल्याच पेशीतला निरोप 'वाढ, वाढ' म्हणत अडकून बसलेला असतो.

याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण रक्ताच्या एका कॅन्सरचं आहे. त्याला सीएमएल म्हणतात. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात दोन संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. पुढे १९७३ साली जॅनेट राऊली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात. त्या चुकीच्या जोडातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. ते कायनेजच आहे, पण कायम चालू राहणारं. इमॅटिनिब नावाची गोळी या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसते आणि फॉस्फेट पुढे देऊ देत नाही. २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. या गोळीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १० वर्षांनंतरही ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते. एके काळी या आजारात माणूस थोडीच वर्षं काढायचा, हे लक्षात घ्या.

पण गोळी असणं आणि गोळी मिळणं यांत फरक आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च भारतात सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळत होती. कंपनीला तिच्या एका रूपाचं पेटंट हवं होतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला विरोध केला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. माहीत असलेल्या औषधाचं रूप बदलून गुण वाढत नसेल तर तो नवा शोध धरायचा नाही, असं आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं. तेव्हा पेशीतल्या एका प्रथिनाची गोष्ट थेट न्यायालयापर्यंत जाते, ती अशी.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. स्तनाच्या कॅन्सरचा तुकडा तपासला की अहवालात तीन नावं येतात: ईआर, पीआर आणि हर-२. ही तिन्ही ग्राही प्रथिनंच. पहिली दोन बायकांच्या संप्रेरकांचा निरोप घेतात. ती सापडली, तर टॅमॉक्सिफेनसारखी जुनी, स्वस्त गोळी तो निरोप पोचू देत नाही. हर-२ हे पेशीच्या कडेवरचं गेट. १०० पैकी साधारण १५ ते २० रुग्णांत ही गेटं नको तितकी जास्त असतात. तिथे ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन लागतं, ते बाहेरूनच हर-२ ला धरून ठेवतं. आता भारतात बनलेली त्याची स्वस्त रूपंही मिळतात. आणि तिन्ही नसतील, तर या दोन्ही औषधांचा उपयोग नाही; तिथे केमोथेरपीसारखे मार्ग घ्यावे लागतात.

म्हणजे मावशी, आजाराचं नाव एक होतं, पण अडकलेलं गेट वेगळं होतं. पैसा बघून नव्हे, अहवाल बघून औषध दिलं जातं. आणि स्वस्त गोळी म्हणजे हलकं औषध, असंही नाही. ती निदान पाच वर्षं घ्यावी लागते. "आता बरं वाटतंय" म्हणून मधेच सोडली की गेट पुन्हा उघडतं. आपण घरच्यांनी एवढं तरी विचारावं: "डॉक्टरसाहेब, अहवालातल्या या तीन ओळींत काय आलंय?"

आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर जास्त दिसतो. तंबाखू, गुटखा पेशीतल्या गुणसूत्रांची मोडतोड करतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, ते आपल्याला टपरीवर दिसतंच. या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाचं गेट बऱ्याचदा जास्त असतं. शिवाय आणखी एक निरोप असतो, थांबण्याचा. शरीराच्या राखणदार पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सरची पेशी तो दाबते, जणू सांगते, "मी घरचाच आहे, जा तू." निवोलुमॅब हे औषध तो ब्रेक दाबू देत नाही, पण पूर्ण मात्रा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नेहमीच्या तीन गोळ्या दिल्या, त्यांत ईजीएफआर अडवणारी एर्लोटिनिबही होती. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि सोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी. वर्षानंतर पहिल्या गटात १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. २०२२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे पूर्ण बरं होणं नव्हे, पण घरच्या माणसाचं एक वर्ष म्हणजे काय, ते आम्ही सांगायला नको.

मर्यादाही सांगितली पाहिजे. एक दार अडवलं की पाणी बांध फोडून दुसरीकडून वाट काढतं. पेशीही प्रथिनाचा आकार बदलते, किंवा दुसऱ्या मार्गाने निरोप नेते. मग औषध लागू पडेनासं होतं, पुन्हा तपासणी करून औषध बदलावं लागतं. अशा वेळी "डॉक्टर बदलतच राहतात" असं वाटतं, पण बदललेला असतो तो आजार.

आता थोडं आमच्या विषयातलं. आपल्या दर्शनकारांनी कारणाचे प्रकार पाडले. घड्याला माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. कॅन्सरमध्ये निरोपाची बिघडलेली प्रथिनं ही माती. निमित्त कधी तंबाखू असतं, आणि कधी पेशी दुभंगताना नक्कल उतरवण्यात झालेली नुसती चूक असते. तिथे कुंभार शोधूनही सापडत नाही. आणि रुग्ण मात्र रात्ररात्र विचारत बसतो, "माझं काय चुकलं?" या प्रश्नापोटी लाज येते, लाजेपोटी गाठ लपवली जाते. ज्यांनी तंबाखू खाल्ली, त्यांनाही आता दोष देऊन गेट बंद होत नाही. उपचार मातीवर होतो, निवाड्यावर नाही.

शेवटी आपल्या जवळच्या बार्शीचं सांगतो. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जायचे, लोकांशी बोलायचे, लक्षणं समजावून सांगायचे. पुढे असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नवं औषध नव्हतं, मोठं यंत्र नव्हतं. निरोप वेळेवर पोचला, एवढंच.

तेव्हा मंडळी, तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम, छातीत गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव, यांतलं काही असेल तर आज घरी गेल्यावर बोला. दुखत नाही म्हणून थांबू नका. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. आणि त्या मावशी आज आल्या असतील, तर त्यांनी आपल्या दोन्ही भावजयांना हे सांगावं. आता प्रश्न घेऊ.