एकविशीच्या आतला भारत

मुंबईहून आलेली रेल्वे भुसावळला दोन फाटे फोडते. एक अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे जातो, दुसरा बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इटारसीकडे. जळगाव-धुळ्याच्या माणसाला हा नकाशा पाठ असतो. भारताच्या ज्युनिअर हॉकी संघाला अलीकडे जो एक मोठा कर्णधार मिळाला, त्याची गोष्ट या दोन फाट्यांवरच घडली आहे. इटारसीजवळच्या एका खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा, विवेक सागर प्रसाद, २०१३ मध्ये अकोल्यात एक स्पर्धा खेळायला आला होता. वय तेरा. तिथे त्याच्यावर अशोककुमार यांची नजर पडली. मेजर ध्यानचंद यांचे हे चिरंजीव. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल त्यांचाच. त्यांनी पोराला भोपाळच्या अकादमीत नेलं. अठरा पूर्ण होण्याआधी विवेक सीनियर संघातून खेळला, २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला आणि त्याच वर्षाअखेरीस भुवनेश्वरला ज्युनिअर विश्वचषकात भारताचा कर्णधार म्हणून उतरला.

अकोला भुसावळ रेल्वे विभागातलंच स्टेशन. म्हणजे भारताचा हा कर्णधार आपल्या अंगणात सापडला होता. हे खान्देशात फार जणांना ठाऊक नाही, म्हणून आधी सांगितलं.

आता संघाकडे वळू. ज्युनिअर संघ म्हणजे एकवीस वर्षांखालच्यांचा संघ. सीनियर संघात दहा-बारा वर्षं टिकणारी माणसं असतात, त्यांच्याभोवती संघ उभा राहतो. इथे ती सोयच नाही. एक विश्वचषक संपला की बहुतेक मुलांचं वय उलटलेलं असतं. अलीकडे ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होते, त्यामुळे प्रशिक्षकाला संघ जवळजवळ मुळापासून बांधावा लागतो. सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धांतून मुलं हेरायची, संभाव्य खेळाडूंचं शिबिर लावायचं, जोहोर चषक आणि ज्युनिअर आशिया चषकात त्यांना पारखायचं आणि मग विश्वचषकाचा अंतिम संघ निवडायचा.

पहिला ज्युनिअर विश्वचषक १९७९ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायला झाला. तीनच वर्षांपूर्वी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला होता. गवतावर कमावलेलं कौशल्य नव्या पृष्ठभागावर अपुरं पडू लागलं. ही नवी विद्या लहान वयात हातात बसवण्याचं काम ज्युनिअरांवर आलं. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला भारत अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून २-३ हरला. चार वर्षांनी होबार्टमध्ये गगन अजित सिंगच्या संघाने अर्जेंटिनाला ६-१ असं धुतलं. अंतिम सामन्यात एवढा मोठा विजय! दीपक ठाकूर तेव्हा गोलांचा पाऊस पाडत होता.

पण माझ्या मनात लखनौचा विश्वचषक जास्त खोल रुतला आहे. अंतिम सामना १८ डिसेंबर २०१६ चा. प्रशिक्षक हरेंद्र सिंग. २००५ मध्ये रॉटरडॅमला त्यांच्याच हाताखालचा संघ कांस्यपदकाचा सामना स्पेनकडून पेनल्टी स्ट्रोकवर हरला होता आणि ती जखम त्यांनी अकरा वर्षं बाळगली होती. लखनौत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाशी २-२ बरोबरी झाली. मग शूटआउट: आक्रमक २३ मीटरवरून चेंडू घेऊन निघतो आणि आठ सेकंदांत त्याला गोलरक्षकाला चुकवायचं असतं. गोलरक्षक विकास दहिया त्या आठ-आठ सेकंदांत भिंतीसारखा उभा राहिला आणि भारत अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे बेल्जियमविरुद्ध गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग यांनी पूर्वार्धातच गोल केले. बेल्जियमचा एकमेव गोल अगदी शेवटच्या मिनिटाला झाला. २-१.

लखनौच्या संघातल्या अठरा जणांतले सात जण टोकियोच्या कांस्यविजेत्या संघात होते: हरमनप्रीत, वरुण कुमार, सुमित, नीलकांत शर्मा, सिमरनजीत, मनदीप आणि गुरजंत. जर्मनीविरुद्धच्या ५-४ च्या कांस्यपदकाच्या सामन्यात सिमरनजीतचे दोन गोल होते. मात्र लखनौचा कर्णधार हरजीत सिंग ऑलिंपिकला कधीच पोहोचला नाही. उलट, २०१३ मध्ये दिल्लीत, घरच्या मैदानावर, दहावा आलेला ज्युनिअर संघ आठवा. त्याचा कर्णधार मनप्रीत सिंग. पुढे टोकियोत पदक जिंकणाऱ्या संघाचं नेतृत्व त्यानेच केलं. म्हणून ज्युनिअर संघाला फक्त क्रमवारीने जोखणं मला पटत नाही. या संघातून वर कोण चढलं, हे पाहायला पाच वर्षं थांबावं लागतं.

भुवनेश्वरला विवेकचा संघ चौथा आला, २०२३ मध्ये क्वालालंपूरला उत्तम सिंगचा संघही चौथाच. महाराष्ट्राचा आघाडीवीर आदित्य लालगे त्या संघात होता. मग पॅरिस ऑलिंपिकमध्ये दुसरं कांस्य घेऊन निवृत्त झालेले गोलरक्षक पी. आर. श्रीजेश ज्युनिअर मुलांचे प्रशिक्षक झाले. २०२४ च्या अखेरीस त्यांच्या संघाने मस्कतला पाकिस्तानला ५-३ हरवून आशिया चषक राखला; पाचपैकी चार गोल एकट्या अरायजीत सिंग हुंदलचे. २०२५ चा विश्वचषक चेन्नई आणि मदुराईत झाला, पहिल्यांदाच २४ संघांचा. उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताला ५-१ असं सरळ चिरडलं. कांस्यासाठी अर्जेंटिनाविरुद्धही शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला ०-२ अशी अवस्था. आणि मग अकरा मिनिटांत चार गोल: अंकित पाल, मनमीत सिंग, शारदानंद तिवारी, अनमोल एक्का. एवढा मार खाल्ल्यावर वीस वर्षांची पोरं असं उभी राहतात, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या गोलरक्षक गुरूला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

ही मुलं येतात कुठून? पंजाबच्या अकादमींतून, ओडिशाच्या सुंदरगडच्या वसतिगृहांतून, भोपाळमधून. महाराष्ट्राने धनराज पिल्ले दिला तो पुण्याजवळच्या खडकीतून, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून. मोडक्या स्टिका जोडून खेळत तो घडला. कारखान्याची वसाहत भुसावळलाही आहे, वरणगावलाही आहे. रेल्वेची वसाहत तर भुसावळची ओळखच. हॉकी वाढते ती अशाच वसाहतींत, जिथे ठरलेला पगार, मोकळं मैदान आणि संध्याकाळी एकत्र जमणारी पोरं असतात.

अडचण मातीची आहे. आपली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पायाला चिकटते. मुरूम टाकून मैदान केलं तरी चेंडू उसळतो. पाणी मारलेल्या टर्फवर तो जमिनीसरसा, जास्त वेगाने येतो. मुरुमावर शिकलेला मुलगा चेंडू थांबवायला थोडा उंच उभा राहतो; टर्फवर त्याच उभेपणामुळे चेंडू निसटतो. कंबर आणि गुडघे वाकवायची ही सवय चौदा-पंधराव्या वर्षी लागली नाही तर पुढे फार महाग पडते. पेनल्टी कॉर्नरवरची ड्रॅग फ्लिकही गुळगुळीत पृष्ठभागावरच हातात बसते. म्हणून गुणी मुलाला वेळेत टर्फवर नेणारं माणूस हवं. अकोल्यात विवेकला ते भेटलं.

वाट मात्र आजही उघडी आहे. शाळेच्या संघाने क्रीडा खात्याच्या नेहरू चषकात उतरायचं, जिल्हा जिंकला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना नाशिक विभागात खेळायचं असतं, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा. जिल्ह्याच्या या सामन्यांना बहुधा पालकही फिरकत नाहीत. क्रीडाशिक्षक, दोन पंच आणि ऊन. यंदा ते सामने लागतील तेव्हा गावातल्या जुन्या खेळाडूंनी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या हॉकीपटूंनी तिथे जाऊन बसावं, आणि चेंडू पायाशी येण्याआधीच मान वर करून पुढचा पास शोधणारा मुलगा दिसला, तर त्याच्या शिक्षकांशी त्याच दिवशी बोलावं.