वऱ्हाडातले तीमथ्य

तरुण पाळक घडवायचे म्हटलं की आमच्याकडे पहिली चर्चा इमारतीची, दुसरी देणग्यांची आणि वेळ उरलाच तर पौलाच्या तरुण शिष्याची, तीमथ्याची. पौलानं त्याला लिहिलेल्या दोन पत्रांवर मी इतकं बोललोय, की मी उभा राहिलो की मंडळीतली पोरं घड्याळ बघतात. बघोत.

वऱ्हाडात मिशनांनी जिल्हे वाटून घेतले होते. वाशीम-बुलढाणा नाझरीन मिशनकडे, यवतमाळ फ्री मेथडिस्ट मिशनकडे. हद्दी, कमिट्या, ठराव. पुढे जाऊ. यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि देशभरातली मुलं तिथं येऊ लागली. 1983 मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. सेमिनरीचा व्याप वाढला, हे मान्य. पण आमच्या दारातली शाळा गेली.

आमचे एक विद्वान मित्र म्हणतात, ग्रीक-हिब्रू न शिकलेला पाळक अर्धाकच्चा. ग्रीकशी माझं भांडण नाही. पौलाला ती येतच होती. तरी तीमथ्याला त्यानं व्याकरण पाठवलं नाही. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची त्याला आठवण करून दिली, तरुण म्हणून कुणी हलकं लेखू नये असं वाग म्हणाला, आणि पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घे, असंही लिहिलं. (आमच्याकडचे कडवे दारूबंदीवाले हे वचन फार लगबगीनं उरकतात.) ऐकलेलं विश्वासू माणसांकडे सोपव, ती पुढच्यांना शिकवतील, हेही त्यातच. पौल, तीमथ्य, ती माणसं आणि त्यांच्या पुढचे: एका वाक्यात चार पिढ्या. आणि हे लिहिलंय ते वर्षानुवर्षं बरोबर हिंडलेल्या पोराला.

बरोबर हिंडवून शिकवण्याची ही रीत मराठीत कुणी जमवली असेल तर नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं; 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी त्यात आपली कविता ओतली. कीर्तनकारामागे झांज धरून उभा राहणारा पोरगा काय काय शिकतो! आख्यान कुठं ताणायचं, बायका डोळे पुसू लागल्या की कुठं थांबायचं, आरतीनंतर कुणाच्या घरी भाकरी खायची आणि कुणाच्या घरचं दुखणं आधी विचारायचं. मीही असाच एका म्हाताऱ्या पाळकांच्या सायकलमागे बसून शिकलो. ते वाटेत वचन म्हणत आणि उतारावर अर्थ सांगत. चढावर मला उतरून ढकलावं लागे, तेव्हा प्रश्न विचारायची मुभा माझी.

दिग्रसकडे जाताना आम्ही पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्री, थांबायचो. पाळक तिथं कशाला, असं तेव्हाही काहींनी विचारलं होतं. पण ऐकून शिकण्याची हीच रीत तिथंही होती. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज जाऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, तरी त्यांचे बोल तांड्यातांड्यांत तोंडपाठ. तांड्याचा नायक बोलतो, त्याचा कारभारी ऐकतो, कडेला बसलेली पोरं आपोआप शिकतात. आमच्याकडे छापील पवित्र शास्त्र घरोघर आहे, पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची शेवटची वर्षं भाषांतरात घातली, आणि आमचा पाळकपदाचा उमेदवार एक स्तोत्र न बघता म्हणू शकत नाही.

पोहरादेवीचे बंजारा धर्मगुरू रामराव महाराज 30 ऑक्टोबर 2020 रोजी गेले. 2024 मध्ये तिथं भव्य बंजारा विरासत संग्रहालयही उघडलं. ते चांगलंच आहे. पण काचेआडच्या वस्तू बघून आलेला पोरगा आजोबांजवळ बसेल का, हा प्रश्न त्यांचा आणि आमचा एकच. आमचे नवे पाळक शनिवारी रात्री मोबाइलवर कुणाचा तरी हिंदी उपदेश ऐकतात आणि रविवारी तोच मराठीत सांगतात. आजाऱ्याच्या उशाशी काय बोलावं, हे मात्र मोबाइल सांगत नाही.

निवृत्त होणाऱ्या प्रत्येक पाळकानं शेवटच्या वर्षी दोन पोरं बरोबर घेऊन खेड्यांत हिंडावं, असा साधा प्रस्ताव मी एका समितीपुढे ठेवला होता. प्रवासखर्च कोणत्या खात्यात टाकायचा, यावर तासभर चर्चा झाली. चहा आला. इतिवृत्तात ‘नोंद घेण्यात आली’ असं लिहिलंय.