मरळ माशासाठी गळ व आमिष

अमडापूर भागातील तलावांत गळ टाकणाऱ्याने मरळ माशाचा स्वभाव प्रथम ओळखावा. हा मांसभक्षक मासा पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून असतो. निश्चल आमिषापेक्षा हलते आमिष त्यास अधिक भुलविते. म्हणून गळास लहान जिवंत मासळी लावून ती वनस्पतींच्या कडेने हळूहळू वरखाली नाचवावी. बेडूक लावण्याचा प्रघात आहे. परंतु शेतातील किडी खाणारा हा मित्र असा खर्ची घालणे शेतकऱ्यास परवडणारे नाही. आमिष धरताच हिसका देऊ नये. मासा ते गिळेपर्यंत दोरी सैल सोडावी. पावसाळ्यात तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसल्यास मात्र तेथे गळ टाकूच नये. खाली आईबाप राखण करीत असतात. ते धरले गेल्यास पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात.