काचपेटीतले अरण्य आणि त्यातील बेडूक



इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना माठाचे गुण सांगावयास नकोत. वैशाखात बाहेर लू वाहत असते आणि ओसरीवरच्या माठातील पाणी मात्र दातांना कळ लावील इतके गार असते. तोच माठ पणजीस किंवा मडगावास नेऊन ठेवला, तर पाणी जेमतेम गार होते. माठ तोच, पाणीही तेच. फरक आहे तो हवेचा. कोरडी हवा माठाच्या अंगावरील ओल शोषून घेते आणि त्या बाष्पीभवनाबरोबर उष्णताही निघून जाते. दमट हवेत ही ओल सुकत नाही. म्हणून माठ गार होत नाही.

आजचा विषय माठ नव्हे. पाळीव बेडकांसाठी काचेच्या पेटीत झाडे लावून जे लहानसे अरण्य उभारतात, त्यात ऊब आणि उजेड कसा द्यावा हा आहे. परंतु बेडूक हाही एका अर्थाने माठच होय. त्याची त्वचा पातळ आणि सदैव ओली असते. तो तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीवाटे ते शोषून घेतो. श्वासही काही अंशी त्या कातडीवाटेच चालतो. आपल्यासारखी स्वतःची उष्णता निर्माण करून ती राखण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. भोवती जेवढे ऊन तेवढाच तो ऊन. कोरड्या हवेत त्याचे अंग गार राहते खरे, पण तो लवकरच सुकून मरतो. दमट हवेत तो सुकत नाही, पण मग त्याचे अंग गार होण्याचा मार्गही बंद होतो. झाडांनी भरलेल्या बंद काचपेटीत हवा नेहमी बाष्पाने भरलेली असते. म्हणून अशा पेटीतले तीस अंश हे बेडकाला पुरते तीस अंशच असतात. त्यातून त्याला सवलत नाही. ऊब देण्याचा सारा विचार या एका गोष्टीपासून सुरू झाला पाहिजे.

या काचपेटीचा उगम शोधू गेल्यास आपण लंडनमधील एका डॉक्टरापाशी येतो. नॅथनिएल वॉर्ड हे त्यांचे नाव. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह काचेच्या बंद बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी पाहतात तो त्या मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवलेले! धुरकट लंडनच्या हवेत त्यांचे नेचे जगत नसत. बाटलीत मात्र पाण्याची वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरे आणि रोप तजेलदार राही. पुढे अशाच पेट्यांतून रोपे जहाजांवरून जगभर गेली. आपल्या हिमालयातील चहाच्या मळ्यांसाठी रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून आणलेली रोपेही त्यांतूनच आली. आज युरोप-अमेरिकेत जिला व्हिव्हेरियम म्हणतात, ती याच पेटीची नात.

तेथील हौशी लोकांत दक्षिण अमेरिकेतील रंगीत बेडकांना फार मान आहे. त्यांतील एक आपण नमुन्यादाखल घेऊ. सुरीनामच्या दक्षिणेस सिपालिविनी नावाचा गवताळ प्रदेश आहे. त्यात ओहोळांच्या काठाने जंगलाची लहान लहान बेटे आहेत आणि त्या बेटांत गडद निळ्या रंगाचा, अंगावर काळे ठिपके असलेला, दीड इंचाच्या आसपासचा एक बेडूक राहतो. डच प्राणिशास्त्रज्ञ होग्मूड यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रानात त्याच्या कातडीत विष असते. ते त्याला मुंग्या आणि तत्सम किड्यांच्या आहारातून मिळते. पेटीत जन्मलेल्या, फळमाशांवर वाढलेल्या बेडकात ते नसते. हा बेडूक दिवसा हिंडतो. नराचे वात्सल्य तर असे की, अंड्यांतून बाहेर आलेली पिले पाठीवर घेऊन तो त्यांना झाडाच्या ढोलीतील पाण्यात नेऊन सोडतो.

आता उजेडाकडे वळू. मौज अशी की, दिवा लावावयाचा तो मुख्यतः बेडकासाठी नव्हे, झाडांसाठी. घनदाट अरण्यात जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा अवघा एखाद-दुसरा टक्का पोहोचतो. बेडकाला तेवढा पुरतो. परंतु पेटीत लावतात ती ब्रोमेलियाड, म्हणजे आपल्या अननसाच्या कुळातील झाडे, उजेड कमी पडला की फिकी आणि लांबोडकी होतात. यास्तव दिवा प्रखर असावा, तो वर असावा, आणि त्याखाली पानांची, लाकडाच्या ढलप्यांची व वाळलेल्या पाल्याची भरपूर सावली असावी. विषुववृत्तानजीक दिवस वर्षभर जवळपास बारा तासांचा असतो. तेव्हा दिवाही बारा तास लावावा आणि बारा तास विझवावा. हे काम विजेच्या घड्याळावर सोपवणे बरे, कारण माणूस विसरतो.

दिवा कोणता? जुना तारेचा बल्ब या कामी सर्वांत वाईट. चाळीस वॉटांच्या बल्बात दोनेक वॉट प्रकाशाचे आणि उरलेले सारे उष्णतेचे. तो म्हणजे दिव्याचे सोंग घेतलेली शेगडीच. आजचे एलईडी दिवे तेवढाच प्रकाश फार थोड्या विजेत देतात. तरी तेही तापतात. त्यांची उष्णता प्रकाशासंगे खाली न येता दिव्याच्या पाठीकडे साठते. म्हणून दिवा पेटीच्या आत न ठेवता झाकणाच्या वर, थोडे अंतर सोडून टांगावा. त्यावर ६५०० केल्व्हिन असा आकडा असतो, तो वाचून कोणी दचकू नये. तो प्रकाशाच्या रंगाचा आकडा आहे, उष्णतेचा नव्हे. आणखी एक बाब. सूर्यप्रकाशातील ज्या अतिनील किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, ते साध्या काचेतून आत येत नाहीत. तेव्हा खिडकीतले ऊन या कामी निरुपयोगी. पाळणारे लोक फळमाशा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या भुकटीत घोळून देतात. न दिल्यास बेडकाची हाडे मऊ पडतात.

आणि खिडकीतले ऊन केवळ निरुपयोगी नाही. एका मार्चमध्ये नेचे आणि शेवाळ लावलेली एक काचपेटी मी पूर्वेच्या खिडकीत ठेवली होती. खोलीत ३१ अंश होते. तोंड धुऊन, चहा घेऊन, वर्तमानपत्र चाळून परत येतो तो पेटीतला तापमापक ४१ दाखवीत होता. पेटीत बेडूक नव्हते, हे त्यांचे नशीब.

आता उबेविषयी. आमच्या निळ्या बेडकाला दिवसा २४ ते २६ अंश सेल्सिअस आणि रात्री दोन-चार अंश कमी असे मानवते. तीसच्या वर फार वेळ राहिल्यास तो दगावतो. हॉलंड-जर्मनीत हिवाळ्यात बैठकीची खोली वीस अंशांच्या आसपास असते. तेथे दिव्याच्या उबेनेच पेटी दिवसा हवी तेवढी तापते, आणि रात्री दिवा विझल्यावर जो गारवा येतो तो बेडकाला हवाच असतो. खोली त्याहून थंड असेल तरच विजेने तापणारी पातळ चटई लावावी, आणि तीही पेटीखाली कधीच नव्हे. बेडकाची उपजत बुद्धी त्याला सांगते की, उकडू लागले म्हणजे मातीत खाली शिरावे. खालीच आच असेल तर तो बिचारा गारव्याच्या आशेने चुलीवर जाऊन बसतो; झाडांची मुळेही शिजतात. चटई एका बाजूच्या काचेला बाहेरून लावावी आणि थर्मोस्टॅटवाचून ती चालवू नये. अशाने पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे गार राहते, व निवड बेडकाच्या हाती राहते.

ही निवड तो किती शहाणपणाने करतो याचा एक दाखला २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिडनीच्या संशोधकांनी काळ्या रंगवलेल्या सच्छिद्र विटा लहानशा हरितगृहांत रचून ठेवल्या. बुरशीच्या रोगाने पछाडलेले तेथील हिरवे-सोनेरी बेडूक आपण होऊन त्या उबदार भोकांत जाऊन बसले आणि बरे झाले. ती जात उष्णता सोसणारी आहे, आपला निळा बेडूक नव्हे. पण ऊब लादण्यापेक्षा देऊ करणे बरे, हे दोघांनाही लागू पडते.

हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बेडूक उडी न मारता शिजून मरतो, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जर्मन शास्त्रज्ञ गोल्ट्झ यांनी १८६९ मध्ये हे करून पाहिले होते. ज्या बेडकाचा मेंदू त्यांनी काढून टाकला होता, तोच बसून राहिला. धड असलेल्याने बाहेर पडण्याची धडपड केली. बेडूक इतका मूर्ख नाही. मात्र काचपेटीला झाकण असते, आणि झाकणाखालून उडी मारून जाणार कोठे?

म्हणूनच युरोपातील पुस्तके वाचून आपल्याकडे पेटी मांडू पाहणाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे. तेथला प्रश्न ऊब आणण्याचा. आपला ती घालवण्याचा. हैदराबादच्या किंवा इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात झाकणाच्या जाळीवर लहान पंखा फिरता ठेवला, तर माठाच्या न्यायाने पेटी काही अंश उतरते. पण झाडांवर व बेडकांवर पाण्याचा फवारा वारंवार द्यावा लागतो. गोव्यात तर त्या पंख्याचा उपयोग बेताचाच. वातानुकूलित खोली असेल तर पाहावे; पण मे महिन्यातील दुपारी चार तास वीज गेली तर पुढे काय, याचे उत्तर आधी तयार हवे. ते नसेल तर पेटीत नुसते नेचे लावावेत. तेही कमी देखणे नसतात. शिवाय हे परदेशी बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहेत आणि भारतात ते बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक आहे.

इतके करूनही ज्याची हौस टिकेल त्याने पेटीत दोन तापमापक ठेवावेत. एक पाल्यात जमिनीलगत, दुसरा वरच्या पानांत. मग झाडे लावून, दिवे जोडून, पेटी बेडकांवाचून चालवावी आणि दुपारी तीनचे आकडे रोज वहीत टिपावेत. वर्षातील सर्वांत कडक आठवडा त्या वहीत येऊन गेला आणि खालचा आकडा सत्तावीसच्या वर चढला नाही, तर बेडकांची चौकशी करावयास हरकत नाही.